काहीच बाहेर येत नाही

नुगझार फोनवर एवढंच म्हणाला:
कुत्रा ओकतोय, आणि काहीच बाहेर येत नाही.

रात्रीचे पावणेदहा. तुशेतीच्या वरच्या कुरणात
रेंज एकाच दगडावर मिळते.
त्या दगडावर तो उभा असणार, एका हाताने टोपी धरून.

पोट कसंय?
फुगलंय. आज मेंढी कापली, चरबी दिली भरपूर,
हावरट आहे, अजीर्ण झालं असेल.
घोटभर चाचा पाजू का?

काही पाजू नकोस, मी ओरडले, पाणीसुद्धा नको.
बरगडीच्या मागे टिचकी मार. आवाज कसा येतो?

बराच वेळ नुसता वारा.
मग तो हळूच म्हणाला: ढोलासारखा.

ओमालोपासून वर चाळीस मिनिटं.
माझी डेलिका गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती,
आणि मला आठवत होती ती आधीची कुत्री, शेनाकोची, पांढरी.
तिच्या वेळी मीच म्हणाले होते, गॅस असेल, सकाळी बघू.
सकाळी बघितलं.

बोंबोरा उभा होता. बसत नव्हता, झोपत नव्हता,
मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होता,
जणू तिथे कुणी अनोळखी येऊन बसलंय.
लाळेच्या तारा गुडघ्यापर्यंत.
लांडग्यांसमोर बोंब ठोकणारा हा गडी
आता फक्त आ वासून आवंढा काढत होता, कोरडा.

मी ओठ वर केला. हिरडी राखेच्या रंगाची.
अंगठ्याने दाबली, सोडली, मोजलं:
एक, दोन, तीन, चार...
रंग परत यायला दोन पुरेत, नुगझार.
चार म्हणजे आपण उशिरा निघालोय.

कात्रीने केस काढले. जिथे ढोल सगळ्यात घुमत होता,
तिथे जाड सुई घातली.
आणि पोट बोललं: सूंऽऽऽ.
सडक्या गवताचा, आंबलेल्या चरबीचा वास,
मेंढपाळ दोन पावलं मागे.
कुत्र्याने त्या रात्रीतला पहिला पुरा श्वास घेतला.

पण ही फक्त उसंत होती.
पोट आत पिळलं होतं,
धुणं पिळावं तसं, आणि त्या पिळात रक्त अडकलेलं.
खिंडीत बर्फ. दरीत उतरायला सहा तास.
म्हणून मझेकलाच्या खानावळीतलं लांब टेबल.
तिने वाईनचे पेले उचलले, पाणी उकळलं, जनरेटर लावला,
आणि मला दोन तास काहीच विचारलं नाही.
दोन्ही पुढच्या पायांत सलाईन. बाटल्या वर धरायला
नुगझार, हात ताठ, जणू कोणी पिस्तूल रोखलंय.

जठराचा रंग पिकल्या वांग्यासारखा. मी ते उलट फिरवलं.
वाट पाहिली.
एका कडेने जांभळं गुलाबी होत गेलं.
एक तुकडा मात्र झाला नाही, तो कापला.
उरलेलं उजव्या भिंतीला शिवून टाकलं,
पुन्हा गिरकी घेऊ नये म्हणून.

पहाटे नुगझारने स्वतःचा ओठ वर केला,
हिरडी दाबली, मोजली. मग मझेकलाची.
मग माझ्याकडे आला. मी म्हटलं, राहू दे.

सांगून ठेवलं: थोडं थोडं, दिवसातून तीनदा.
खाल्ल्यावर धावणं नाही. मेंढी कापलीस तर दार लाव.
त्याने मान हलवली. ती त्याची नेहमीची मान,
जी काहीही ऐकून हलते.

मार्चमध्ये पुन्हा फोन. रात्रीचे दोन.
माझे पाय आधी जमिनीवर, मग कानात आवाज.
"ओकला! बोंबोरा ओकला!
खूप बाहेर आलं, डॉक्टर! गवत आलं, हाड आलं,
एक मोजासुद्धा आला!"

दगडावर उभा राहून, वाऱ्यात,
तो एका उलटीसाठी हसत होता,
आणि मी अंधारात, थंड फरशीवर,
मोज्याचा रंग विचारला.